दारू सोडण्यासाठी आधारगटाची मीटिंग शोधायची कशी? आत गेल्यावर नक्की काय होतं?

कोरीपाटी

रोजचं पिणं आहे, संध्याकाळी सुरू होतं ते झोपेपर्यंत. सकाळी थोडे हात कापतात. आता बंद करायचंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जा असं सगळीकडे वाचलं. नेटवर यादी मिळाली, पण त्यातल्या एका पत्त्यावर नुसती शाळा आहे, पाटी वगैरे काही नाही, आणि दिलेला फोन लागत नाही. चालू असलेली मीटिंग ओळखायची कशी? गेल्यावर बोलावंच लागतं का, नाव-पत्ता लिहून घेतात का, पैसे किती? घरच्या माणसाला बरोबर नेलं तर चालतं का? जरा सविस्तर सांगा, म्हणजे दारापर्यंत जाऊन परत फिरणं होणार नाही.

तिसरीघंटा

मीटिंगचं नंतर बघू. तुम्ही ओघात लिहिलेलं ‘सकाळी हात कापतात’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. शरीराला दारूची सवय जडल्याची ती खूण आहे, आणि अशा माणसानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ तासांपासून थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. आकडी यायची तर बहुतेक वेळा ६ ते ४८ तासांत येते. त्यानंतर ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काहींना भ्रम होतो: आपण कुठे आहोत हे कळत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. यातलं काहीही झालं तर थेट इस्पितळ, वाट बघत बसायचं नाही.

त्यामुळे ‘उद्या बंद, परवा मीटिंग’ हा बेत आधी डॉक्टरला दाखवा. जाताना आकडे घेऊन जा. ‘थोडी घेतो’ म्हटल्यावर डॉक्टरला काहीच कळत नाही. किती मिलिलीटर, बाटलीवर किती टक्के लिहिलंय, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी सोडताना आकडी आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, एवढं कागदावर लिहा. ते काही दिवसांची उतरत्या मात्रेची औषधं देतील किंवा दाखल व्हायला सांगतील. बी-१ जीवनसत्त्वही देतील, कारण रोज पिणाऱ्यात ते कमी पडतं आणि ती कमतरता थेट मेंदूला बाधते. मीटिंगच्या खोलीत डॉक्टर नसतो. तिथली माणसं यातलं काहीही करू शकत नाहीत.

पण म्हणून मीटिंग पुढे ढकलायचं कारण नाही. एएच्या गटांनी पाळायच्या तत्त्वांना ‘परंपरा’ म्हणतात. त्यातल्या तिसरीप्रमाणे सदस्य व्हायला एकच अट आहे, पिणं थांबवायची इच्छा. आधी थांबवलेलं असण्याची अट नाही. उपचार चालू असतानाही जाऊन बसता येतं.

जुनीवही

वर सांगितलंय ते आधी करा. आता पत्त्याचं.

पत्त्यावर शाळा दिसली म्हणजे यादी चुकीची आहे असं नाही. एएची स्वतःची इमारत सहसा नसतेच. शाळेचा वर्ग, इस्पितळातली खोली, प्रार्थनास्थळाचा हॉल अशी जागा आठवड्यातून एक-दोन तास भाड्यानं घेतात. त्या संस्थेशी गटाचा संबंध भाड्यापुरता असतो. पाटी लावलीच तर मीटिंगच्या वेळेपुरती, बऱ्याचदा दारावर चिकटवलेला एक कागद, त्यावर नुसती ‘एए’ ही अक्षरं आणि एक बाण. दुपारी जाऊन पाहिलं तर काहीच दिसणार नाही. शाळेच्या ऑफिसात विचारलंत तर त्यांनाही धड माहीत नसतं. शिपायाला मात्र नक्की माहीत असतं, कारण किल्ली त्याच्याकडे असते.

यादी जुनी का पडते? गट माहिती स्थानिक सेवा कार्यालयाला कळवतो, ते कार्यालय ती वेबसाइटवर चढवतं. मधला कळवणारा माणूस गटातली सेवा ठरावीक मुदतीसाठी करतो आणि मग बदलतो. नव्यानं फोन नंबर कळवायचा राहतो, तोच तुम्हाला न लागणारा नंबर. म्हणून एका गटाच्या नंबरावर अडकू नका. त्या भागाच्या सेवा कार्यालयाचा, म्हणजे इंटरग्रुपचा, हेल्पलाइन नंबर शोधा. तो आळीपाळीनं स्वयंसेवक उचलतात आणि तिथे ताजी माहिती असते. ‘मीटिंग गाइड’ हे एएचं मोफत अ‍ॅप आहे, पण त्यात ज्या कार्यालयांनी माहिती जोडलीय तेवढेच गट दिसतात. तिथे काही नाही म्हणजे गावात काही नाही, असा अर्थ काढू नका.

फोनवर कहाणी सांगायची गरज नाही. एवढंच विचारा:

‘मला पहिल्यांदाच यायचंय. या वाराची मीटिंग गेल्या आठवड्यात झाली होती का? कुठल्या दारानं आत यायचं, कितव्या मजल्यावर? खुली आहे की बंद? दारात कोणी भेटेल का?’

‘गेल्या आठवड्यात झाली का’ हा प्रश्न सोडू नका. ‘मीटिंग आहे का’ विचारलं की समोरचा यादी बघून ‘आहे’ म्हणतो. गेल्या आठवड्याचं विचारलं की त्याला आठवावं लागतं किंवा कोणाला तरी विचारावं लागतं. सुट्टीच्या दिवसाचंही विचारून ठेवा. शाळा बंद म्हणजे हॉलला कुलूप, हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

यादीतल्या अक्षरांचा अर्थ असा. ‘ओ’ म्हणजे खुली मीटिंग, कोणीही येऊन बसू शकतं, घरचे, विद्यार्थी, उत्सुक माणूस. ‘सी’ म्हणजे बंद, ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठीच. तुम्ही दोन्हींना जाऊ शकता. घरच्या माणसाला न्यायचं असेल तर खुलीच निवडा. ‘डी’ म्हणजे चर्चा, ‘एसपी’ म्हणजे एक-दोन वक्तेच बोलणार, ‘एसटी’ म्हणजे पायऱ्यांचा, म्हणजे एएच्या दारू सोडण्याच्या बारा टप्प्यांचा, अभ्यास. बोलायची धास्ती असेल तर पहिली मीटिंग वक्त्यांची घ्या. सगळे ऐकायलाच बसलेले असतात.

वेळ निवडताना एक बघा: तुमचा पहिला ग्लास ज्या वेळी भरतो त्या वेळेवर मीटिंग पडली पाहिजे. तुमचं संध्याकाळी सुरू होतं, तर संध्याकाळचीच घ्या, आणि परतीचा रस्ता नेहमीच्या दुकानावरून जात नाही ना हेही आधीच पाहून ठेवा. सकाळची मीटिंग चांगली असते, पण संध्याकाळी सातला तुम्ही मोकळेच राहता.

दगडफूल

आत काय होतं ते सांगतो. गटागटाचा रिवाज वेगळा असतो, पण साचा बराचसा सारखाच.

दहा मिनिटं आधी पोचा. वेळेवर पोचलात तर दार बंद असतं, आतून वाचनाचा आवाज येत असतो, आणि नेमकी इथूनच बरीच माणसं परत फिरतात. लवकर गेलात तर कोणीतरी खुर्च्या मांडत असतो. त्याला ‘पहिल्यांदाच आलोय’ एवढं सांगा आणि दोन खुर्च्या उचलायला लागा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

मीटिंग एक ते दीड तासाची. चालवणाऱ्याला चेअरपर्सन म्हणतात, पण तो अधिकारी नसतो, त्या दिवसाची पाळी त्याच्याकडे असते एवढंच. सुरुवातीला एए म्हणजे काय याचा छोटा उतारा वाचतात, थोडी शांतता किंवा प्रार्थना, मग बारा पायऱ्यांचं वाचन. नंतर ‘कोणी नवीन आलंय का’ असं विचारतात. हात वर करायची सक्ती नाही. केलात तर नुसतं पहिलं नाव सांगायचं. आडनाव, पत्ता, धंदा कोणी विचारत नाही, हजेरीपट नसतो. ‘मी मद्यपी आहे’ असं सगळे म्हणतात म्हणून तुम्हालाही पहिल्या दिवशी म्हणावंच लागतं असं नाही.

मग शेअरिंग. एकेकजण तीन ते पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘तुझं चुकलं’ म्हणायचं नाही. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं. कोणीतरी रडत बोलतं आणि पुढचा माणूस त्यावर अवाक्षर न काढता स्वतःचं सुरू करतो. पण उलटतपासणी होणार नाही याची खात्री असते म्हणूनच लोक खरं बोलतात. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. कोणी कारण विचारणार नाही.

शेवटाकडे एक टोपली किंवा पाकीट फिरतं. फी नाही. सातव्या परंपरेप्रमाणे गट स्वतःच्याच वर्गणीवर चालतो, बाहेरची देणगी घेत नाही. त्यातून भाडं आणि पुस्तकं भागतात. पहिल्यांदा आलेल्यानं काही टाकू नये असं बहुतेक गट स्वतःच सांगतात. टोपली हातात आली की पुढे द्या, झालं.

काही ठिकाणी बिल्ले देतात: पहिल्या २४ तासांचा, ३० दिवसांचा, ६०, ९०, मग वर्षाचा. २४ तासांचा बिल्ला उठून घ्यायला संकोच वाटला तर बसून राहा, पुढच्या वेळीही मिळतो.

आणि संपल्यावर लगेच निघू नका. नवीन माणूस शेवटची प्रार्थना होताच चप्पल शोधतो. खरं काम पुढच्या पंधरा मिनिटांत होतं. फोन नंबर तेव्हा मिळतात, ‘बुधवारी तिकडच्या मीटिंगला ये, ती जास्त बोलकी आहे’ हे तेव्हाच कळतं. कामाच्या ठिकाणी किंवा न्यायालयात हजेरीचा कागद द्यायचा असेल तर तो मीटिंग सुरू व्हायच्या आधीच चेअरपर्सनकडे द्या. सही करणं गटावर बंधनकारक नसतं, बहुतेक करतात. मात्र गट तुमच्या सोडण्याची हमी देत नाही, सही फक्त आल्याची असते.

कोरीपाटी

खूप आभार. डॉक्टरची वेळ घेतली. दोन शंका राहिल्या. एक, देव-प्रार्थना हा भाग मला झेपेल असं वाटत नाही. दुसरी, ओळखीचं कोणी भेटलं किंवा बाहेर कळलं तर?

उलटसुलट

देवाबद्दल खोटं सांगण्यात अर्थ नाही. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख सरळसरळ आहे. ‘आम्हाला जसा उमगला तसा’ ही सवलत जोडलेली आहे आणि कित्येकजण ‘उच्च शक्ती’ म्हणजे समोर बसलेला गट असं धरून वर्षानुवर्षं चालतात. निधर्मी किंवा अज्ञेयवादी असा शिक्का असलेले एए गटही आहेत, यादीत तसं लिहिलेलं असतं. तरीही घशाखाली उतरत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा. ती संस्था १९९४ पासून आहे, तिच्यात पायऱ्या नाहीत, उच्च शक्ती नाही, स्पॉन्सर (पायऱ्या करून घेणारा जुना सदस्य) नाही. मीटिंग प्रशिक्षण घेतलेला माणूस चालवतो आणि तिथे एकमेकांशी चर्चा करायची मोकळीक असते. काम चार मुद्द्यांवर चालतं: सोडायची प्रेरणा टिकवणं, तलफ हाताळणं, विचार-भावना-वागणूक सांभाळणं, आणि तोल असलेलं आयुष्य. कागदावर चार चौकोन आखून पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे असं लिहून घेतात. ‘पिण्याचे फायदे’ हा चौकोन प्रामाणिकपणे भरला की दारू तुमच्यासाठी नेमकं काय करत होती ते दिसतं.

अडचण संख्येची. एएची मीटिंग आठवड्यात पाच ठिकाणी मिळेल तिथे स्मार्टची कदाचित ऑनलाइनच. दोन्हीकडे जायला कोणाची ना नाही.

‘चालतं का’ असा प्रश्न पुढे येईलच म्हणून: अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. लोकांना पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षाच्या टप्प्याला पिणं पूर्ण बंद असलेले ४२ टक्के निघाले, सीबीटीसारख्या (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारं समुपदेशन) इतर उपचारांत ३५ टक्के. यातले ‘पद्धतशीरपणे जोडून देणारे’ हे शब्द वगळून हा आकडा सांगू नये. तिथे समुपदेशक नुसतं ‘मीटिंगला जा’ म्हणून मोकळा होत नव्हता, पाठपुरावा करत होता. तुमच्याकडे समुपदेशक असेल तर त्याच्यासमोर बसून हेल्पलाइनला फोन करा, आणि पुढच्या भेटीत तो विचारेल असं ठरवून घ्या.

जुनीवही

गुप्ततेचं. ओळखीचा माणूस भेटला तर तोही त्याच खोलीत बसलाय, ज्या कारणासाठी तुम्ही. खुल्या मीटिंगला हे पूर्ण लागू नाही, तिथे बघे असू शकतात. म्हणून संकोच असेल तर बंद मीटिंग निवडा, किंवा घरापासून दोन-तीन थांबे लांबची.

निनावीपणा ही परंपरा आहे, कायदा नाही. डॉक्टरवर गोपनीयतेचं जे बंधन असतं ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसावर नसतं. पोलिसांपर्यंत जाईल अशी गोष्ट असेल तर ती भर मीटिंगमध्ये मांडू नका. वकिलाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

खरी गळती मात्र फोनमधून होते. ऑनलाइन मीटिंगला लोक आत शिरतात आणि पडद्यावर पूर्ण नाव, कंपनीच्या खात्याचा फोटो दिसतो. आत जाण्याआधी दाखवायचं नाव बदला, कॅमेरा बंद ठेवा. साध्या फोननं नंबर फिरवून जोडलं गेलात तर काही वेळा तुमचा नंबरच नाव म्हणून झळकतो. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरलं की नंबर सगळ्यांना दिसतो, डीपीत घरच्यांचा फोटो असेल तर तोही. घरात सामाईक कॅलेंडर असेल तर त्यात मीटिंगची नोंद पडू देऊ नका. ऑनलाइन मीटिंगची वेळ दुसऱ्या टाइमझोनची असू शकते, तीही तपासा. रिकाम्या पडद्यासमोर बसून ‘इथे कोणी येतच नाही’ असं वाटून सोडणारे कमी नाहीत.

पाणवठा

थोडं वेगळं मत. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा करा असं तुम्हाला सांगतील. पायऱ्यांत किंवा परंपरांत हा नियम कुठेही नाही, ती चाल पडलीय. नोकरी आणि लहान मुलं असलेल्या माणसाला तो आकडा ऐकूनच धाप लागते, मग एक मीटिंग चुकली की सगळंच सोडलं जातं. आठवड्यात तीन, वार ठरवून, आणि उरलेल्या दिवशी एक फोन, हे जास्त टिकतं. निदान तीन वेगळे गट बघा, आणि प्रत्येक गट दोनदा. एका गटात सगळे निवृत्त असतील, दुसऱ्यात एकच माणूस अर्धा तास बोलत असेल. एका वाईट मीटिंगवरून एएची किंमत ठरत नाही.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या ज्यानं स्वतः केल्यात आणि तुमच्याकडून करून घेतो तो. घाईनं ठरवू नका, आधी तात्पुरता घ्या. साधारणपणे पुरुषाला पुरुष, बाईला बाई असा संकेत आहे, आणि तो नीट कारणासाठी आहे. नवख्या माणसाच्या हळव्या अवस्थेचा फायदा घेऊन जवळीक साधण्याला तिथलीच माणसं तिरकसपणे ‘तेरावी पायरी’ म्हणतात. असं कोणी वागलं तर गटातल्या जुन्या माणसाला सांगा आणि गट बदला.

आणखी तीन ठिकाणी कान टवकारा. कोणी उसने पैसे मागितले. गटाच्या पैशाचा हिशोब कधीच वाचला जात नाही. आणि सर्वांत वाईट, ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर (दारूमुक्त) नाहीस’ असं कोणी म्हटलं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारूच्याच उपचाराची औषधं आहेत, नैराश्याच्या गोळ्या वेगळ्या. कोणत्याही सदस्यानं डॉक्टर बनू नये असं खुद्द एएचीच पुस्तिका सांगते. डायसल्फिराम चालू असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यास त्रास जोरात होतो, म्हणून ते गुपचूप कोणाला खाऊ घालायचं औषध नाही. ही ओळ घरच्यांसाठी.

शेवंती_बी

घरच्यांचं कोणी लिहिलंच नाही. पिणाऱ्याच्या कुटुंबासाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून, आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. मीटिंग वेगळी, खोली वेगळी, कधी कधी त्याच इमारतीत त्याच वेळी भरते. तिथे ‘त्याला कसं सोडायला लावू’ याचं उत्तर मिळत नाही. बाटल्या शोधणं, ऑफिसला खोटा फोन करणं, उसनवारी फेडणं यातून स्वतः बाहेर कसं यायचं त्यावर बोलतात. तुम्ही खुल्या मीटिंगला घरच्यांना एकदा घेऊन जा, मग त्यांची वाट त्यांना निवडू द्या. दर वेळी बरोबर बसवलंत तर तुम्हीच मोकळं बोलणार नाही.

कोरीपाटी

हेल्पलाइन लागली. तीच शाळा, मागच्या दारानं, मीटिंग चालू आहे, पण आठवड्यात एकच. दुसरा गट बसनं दीड तासावर. मधल्या सहा दिवसांचं काय?

दगडफूल

पहिल्याच मीटिंगला तीन नंबर घ्या आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी फोन करा, तलफ नसताना. काही बोलायचं नसलं तरी ‘काल भेटलो होतो, नंबर बरोबर आहे का बघतोय’ एवढं पुरतं. ज्या नंबरावर साध्या दिवशी कधी फोन केला नाही, त्यावर वाईट रात्री बोट जात नाही. तलफ आली की आधी चार गोष्टी तपासा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. जेवण चुकलं असेल तर आधी जेवा, मग फोन.

मधल्या दिवशी दोन ऑनलाइन मीटिंगा धरा, पण वार आणि वेळ पक्की.

पुढे कधी वाटलं तर गावातच दुसरा वार सुरू करता येतो. एएची सुरुवातच १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला दोन माणसांच्या बोलण्यातून झाली, आणि परंपरेच्या मूळ विस्तृत रूपातही सोबर राहण्यासाठी जमलेले दोन-तीन मद्यपी स्वतःला गट म्हणवू शकतात. मात्र ते काम नवख्या माणसानं एकट्यानं अंगावर घेऊ नये, निदान एक मुरलेला सदस्य बरोबर हवा. सुरू केलंत तर हॉलची किल्ली दोघांकडे ठेवा. एकाकडेच असली आणि तो आजारी पडला, की पहिल्यांदाच आलेला माणूस कुलूप बघून परत जातो.

कोरीपाटी

गुरुवारी आहे. पावणेसातला पोचतो, खुर्च्या मांडायला.